दोनशे किलोमीटर आणि साडेतेरा तास

रात्रीचे आठ वाजायला आठ मिनिटे कमी होती. सोलापुरात रस्त्याच्या कडेला एक टेबल, टेबलावर एक घड्याळ, एक शिक्का आणि त्यामागे विशी-पंचविशीतला एक मुलगा. पहाटे सहा वाजता याच टेबलापासून आम्ही सायकलवर निघालो होतो आणि दोनशे किलोमीटर तुडवून पुन्हा याच टेबलाशी येऊन उभे राहिलो होतो. मुलाने घड्याळाकडे पाहिले, आमच्या हातातले कार्ड घेतले आणि अदबीने म्हणाला, "काका, साडेसातपर्यंत वेळ होती. बावीस मिनिटं उशीर झाला. शिक्का नाही मारता येणार."

पायात गोळे आलेले, तळहात बधिर झालेले, आणि वर हे ऐकायचे! वाचकांना खरे सांगायचे तर क्षणभर फार राग आला. आम्ही पेशाने कारकून. शिक्का कुठे अडतो, कसा सुटतो, मागच्या तारखेचा कसा पडतो, हे सारे आमच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे चालले आहे. बावीस मिनिटांनी यांचे काय बिघडते? पण आम्ही तोंड उघडण्याआधीच मागून आणखी एक गृहस्थ आले. त्यांची सायकल लाखाच्या वरची असावी, एका हाताने सहज उचलता येईल इतकी हलकी. सकाळी सगळे त्यांना 'सर, सर' करीत होते. त्यांनी हसत हसत दोन-तीन ओळखी सांगून पाहिल्या. मुलाने त्यांनाही तेच उत्तर दिले, त्याच अदबीने. मग आम्हा दोघांनाही त्याने चहा आणून दिला. तो चहा आम्ही दोघे कडेच्या पायरीवर शेजारी शेजारी बसून प्यालो.

राग तिथेच विरला. नियम सगळ्यांना एकच, ही गोष्ट भाषणातून आम्ही पुष्कळदा ऐकली आणि स्वतःही पुष्कळदा सांगितली आहे. ती अशी चहाच्या कपाएवढी जवळून फार थोड्या वेळा पाहायला मिळते. पुढच्या हिवाळ्यात परत यायचे, हे आम्ही त्याच पायरीवर ठरवले.

हा काय प्रकार आहे, तो आधी सांगतो, कारण मुरुममध्ये आम्हाला जो भेटतो तो "शर्यतीत कितवा नंबर आला?" असेच विचारतो. ही शर्यत नव्हे. हिला बी.आर.एम. म्हणतात, सायकलवाले नुसते 'ब्रेव्हे' असेही म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि साऱ्या जगातील या उपक्रमाची सूत्रे पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या जुन्या संस्थेकडे आहेत. आपल्या देशात ऑडॅक्स इंडिया ही संस्था हे काम पाहते आणि शहरोशहरचे क्लब तिच्या नियमाने असे दौरे भरवतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत आणि सहाशे चाळीस तासांत पूर्ण करायचे. एका हंगामात हे चारही ज्याने पूर्ण केले तो 'सुपर रँडोनर'. वाटेत ठरावीक ठिकाणी तपासणीनाके असतात. प्रत्येक नाका किती वाजता उघडणार आणि किती वाजता बंद होणार, हे कार्डावर आधीच छापलेले असते. उशिरा पोहोचलात तर बाद. गंमत म्हणजे फार लवकर पोहोचलात तरी उपयोग नाही. दोनशे किलोमीटरचा शेवटचा नाका पाच तास त्रेपन्न मिनिटांच्या आत उघडतच नाही. म्हणजे वाऱ्यासारखा पळणारा आला तरी त्याने टेबलापाशी थांबून राहायचे. पहिला नाही, दुसरा नाही, ढाल नाही, हारतुरे नाहीत. वेळेत आला त्याचे नाव यादीत, एवढेच. पदक हवे असेल तर वेगळे पैसे भरून घ्यायचे. आम्ही ते घेतले नाही.

याचे मूळ फार मागे जाते. १८९१ साली पॅरिसहून समुद्रकाठच्या ब्रेस्ट गावी जाऊन परत येण्याची सुमारे बाराशे किलोमीटरची सायकल स्पर्धा एका वर्तमानपत्राने भरवली. शार्ल तेराँ नावाचा फ्रेंच गडी न झोपता बहात्तर तासांच्या आत परत आला. पुढे धंदेवाईक सायकलपटू मागे पडले आणि तो दौरा हौशी लोकांचा झाला. आता तो दर चार वर्षांनी होतो. यापूर्वीचा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला आणि त्यात भारतातूनही मोठ्या संख्येने सायकलस्वार गेले होते. नव्वद तासांत बाराशे किलोमीटर. तिकडची खेडोपाडीची माणसे रात्री-अपरात्री घरापुढे टेबल मांडून अनोळखी सायकलवाल्यांना कॉफी-पाणी देतात. आपल्याकडे दीक्षाभूमीला आणि चैत्यभूमीला येणाऱ्या लेकरांसाठी रस्तोरस्ती जशी भोजनदानाची टेबले लागतात, तसेच म्हणायचे.

आता वाचक म्हणतील, पॅरिस-बिरिस ठीक आहे, पण आपल्या माणसाचा याच्याशी काय संबंध? सायकल आपण पोटासाठी चालवली. कारखान्यावर जायला, विटांच्या भट्टीवर जायला, कॅरिअरला कडब्याची पेंढी नाही तर रॉकेलचा डबा बांधून. आपल्यातले थोडे बरे दिवस आले की पहिल्यांदा सायकल विकली आणि मोटारसायकल घेतली. जी गोष्ट सोडून आपण वर आलो ती पैसे भरून परत का करायची? हा प्रश्न आम्हाला आमच्या विहारातच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारला होता. प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हाला आमच्या आण्णांची हकीकत सांगावी लागेल.

आण्णा म्हणजे आमचे वडील. १९७२ च्या दुष्काळात ते रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. पुढे शेजारच्या एका गावी शाळेत शिपाई म्हणून लागले आणि त्यांनी जुनी चोवीस इंची डबलबार सायकल घेतली. रोजचे जाणे-येणे सायकलवर. पण त्या गावाची वेस आली की ते खाली उतरत. हातात सायकल धरून चावडीवरून, मोठ्या वाड्यांवरून चालत जात आणि शेवटचे घर मागे पडले की पुन्हा टांग मारत. कोणी लेखी हुकूम काढलेला नव्हता. त्यांच्या आधीचे उतरत होते म्हणून तेही उतरत. शाळेतले मास्तर मात्र त्याच रस्त्याने घंटी वाजवीत जात.

१९७८ च्या जुलैमध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर काय गुदरले, ते या साप्ताहिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्याच पावसाळ्यात एके दिवशी आण्णा वेशीत उतरले नाहीत. सरळ सायकलवर बसून शाळेपर्यंत गेले. त्या दिवशी कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पाहतात तर दोन्ही टायर पात्याने उभे चिरलेले. त्या संध्याकाळी सायकल खांद्यावर घेऊन ते घरी आले. आठ दिवसांनी उसनवारी करून टायर घातले आणि पुन्हा वेशीतून बसूनच गेले. त्यानंतर टायर कोणी कापले नाहीत. आमचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. आईने ही गोष्ट आम्हाला पुढे नामविस्ताराच्या वर्षी, म्हणजे १९९४ साली सांगितली. आण्णा स्वतः ती कधी सांगत नाहीत.

तेव्हा सायकल ही आमच्या घरात नुसती पोटाची गोष्ट कधीच नव्हती.

आणि चळवळीलाही हे काही नवे नाही. मान्यवर कांशीराम पुण्याला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला असताना बाबासाहेबांच्या विचाराकडे वळले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी ६ डिसेंबर १९८१ रोजी डी.एस.फोर ही संघटना काढली आणि १९८३ साली शंभर कार्यकर्त्यांचा सायकल-मोर्चा काढला. चाळीस दिवस, सात राज्ये, सुमारे बेचाळीसशे किलोमीटर. हिशोब करून पाहा, दिवसाला शंभराच्या वर होतात. वर रोज मुक्कामाच्या गावी सभा. ते स्वतः सायकलवर होते आणि तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. ना गाड्यांचा ताफा, ना देणगीदार. ज्याच्यापाशी जे वाहन होते त्यावर तो निघाला. त्यांच्या नंतरच्या राजकारणाबद्दल आपल्यात दोन मते आहेत, असोत. पण दोन चाकांवर एवढा मुलूख पिंजून काढण्याचे हे काम हौशी सायकलवाल्यांच्या कोणत्याही वहीत नोंदले गेलेले नाही, हे आम्हाला खटकते.

ओरिसातील प्रद्युम्नकुमार महानंदिया यांची कथाही घराघरांत सांगण्यासारखी आहे. जन्म १९४९ चा, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत. शाळेत वर्गाबाहेर बसावे लागले. चित्रकला शिकायला दिल्लीला आले, रस्त्यावर लोकांची चित्रे काढून पोट भरले आणि तिथेच स्वीडनच्या शार्लोट या तरुणीशी त्यांची गाठ पडली. ती मायदेशी परतली. विमानाचे तिकीट काढायला पैसे नव्हते, म्हणून १९७७ च्या जानेवारीत महानंदिया जुनी सायकल घेऊन दिल्लीहून निघाले. अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान असे करीत मे महिन्यात स्वीडनला पोहोचले. बराचसा रस्ता सायकलने, कुठे ट्रकवाल्याने बसवून घेतले तर तेही. लग्न झाले, संसार झाला, तिकडे ते कलाशिक्षक झाले. घरात कोणी पोरगा "आपल्याकडे साधन नाही" म्हणून हातपाय गाळून बसला असेल, तर त्याला ही हकीकत जरूर वाचून दाखवावी.

असो. आता आमच्या दुसऱ्या खेपेकडे वळतो.

पहिल्या खेपेची बावीस मिनिटे कुठे गेली, याचा आम्ही कागदावर हिशोब मांडला. बी.कॉम. केल्याचा एवढा तरी उपयोग. पंक्चर काढण्यात पंचवीस मिनिटे गेली, कारण सोल्युशनची ट्यूब वाळून गेली होती. उमरग्याच्या पुढे ढाब्यावर डाळ, भात आणि दोन ग्लास ताक घेऊन लिंबाखाली जे आडवे झालो, त्यात चाळीस मिनिटे. शिवाय वाटेत जो ओळखीचा दिसेल त्याच्याशी उभे राहून बोलण्यात किती गेली, त्याची गणतीच नाही. म्हणजे पाय कमी पडले नव्हते, शिस्त कमी पडली होती.

सायकल तीच ठेवली. साधी काळी, गिअर नसलेली. नियमात तिला बंदी नाही; माणसाच्या बळावर चालणारी आणि ब्रेक नीट लागणारी असली म्हणजे झाले. आमच्या मिस्त्रीने तिच्यात तीन कामे केली. मागचे अठरा दात्यांचे फ्रीव्हील काढून बावीसचे घातले. त्याने सपाटीला वेग थोडा घटतो, पण चढाला गुडघे वाचतात. चाकांचे आणि पायडलचे छर्रे बदलून ताजे ग्रीस भरले. आणि सीट वर उचलली. आपल्याकडे सगळे सीट खाली ठेवतात, म्हणजे पाय जमिनीला टेकतो. पण पायडल तळाशी गेल्यावर गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे, नाहीतर दीडशे किलोमीटरला तो संप पुकारतो. हे आम्हाला पहिल्या खेपेत एका डॉक्टर सायकलस्वाराने सांगितले होते. नवे टायर-ट्यूब धरून सगळा खर्च दोन हजारांच्या आत झाला. सर्वांत महाग पडले ते हेल्मेट. त्याशिवाय उभे करीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पुढे-मागे दिवे लागतात आणि अंगात चकाकणारे जॅकेट लागते. रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात तसलेच चालते आणि स्वस्त मिळते.

तयारी पाच महिने केली. रविवारी पहाटे उमरगा आणि परत. मग नळदुर्ग आणि परत. दिवाळीनंतर एकदा तुळजापूरपर्यंत. ज्यांना मधुमेह-रक्तदाब आहे त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय यात पडू नये. चाळीशी उलटल्यावर आम्हीही आधी सगळे तपासून घेतले. खाण्याचे म्हणाल तर शहरातली पोरे परदेशी पाकिटे खातात. आम्ही शेंगदाणा-गुळाचे लाडू, केळी, दशमी आणि बाटलीत मीठ-साखर-लिंबाचे पाणी नेले. दर अर्ध्या तासाला दोन घास, भूक लागली नाही तरी. भूक लागल्यावर खाल्ले तर उशीर झालेला असतो.

पहाटे सहाला टेबलापाशी चाळीस-एक जण होते. डॉक्टर, इंजिनिअर, व्यापारी, दोन शिक्षक. बायका दोन. कॅरिअर आणि घंटी असलेली सायकल एकच, आमची. एक तरुण हसून म्हणाला, "काका, दूध घालायला निघालात का?" आम्ही म्हटले, "हो, कर्नाटकच्या हद्दीजवळ घालून येतो." सगळे हसले, तोही हसला.

रस्ता आमच्या ओळखीचा. सोलापूर-हैदराबाद महामार्गाने पूर्वेकडे जायचे, उमरग्याच्या पुढून वळायचे, आणि तसेच परत. सोलापूर सोडले की जमीन हळूहळू चढत जाते. मोटारीतून ते कळत नाही, सायकलवर प्रत्येक पायडलला कळते. थंडीतला पूर्वेचा वारा तोंडावर. नळदुर्गला बोरी नदीच्या खोलगटात सायकल झरझर उतरते आणि पलीकडे तेवढेच चढायचे असते. तिथे आम्ही खाली उतरून दोनशे पावले सायकल ढकलली. ती लाज वाटण्याची गोष्ट नाही. ढकलणे नियमात बसते.

साडेदहाच्या सुमारास मुरुमचा फाटा आला. आणि इथे एक भानगड झाली. नियम असा आहे की तपासणीनाका सोडून मध्ये कुठेही आपल्या माणसांची मदत घ्यायची नाही. पाणीसुद्धा नाही. दुकानातून विकत घ्या, दुसऱ्या सायकलस्वाराकडून घ्या, पण घरचा माणूस डबा घेऊन उभा असेल तर तो चालत नाही. गाडी मागे ठेवणाऱ्या श्रीमंताला आणि एकट्या गरिबाला एका पातळीवर आणणारा हा नियम आहे, आम्हाला तो फार पटतो. घरी सांगायला मात्र आम्ही विसरलो होतो! फाट्यावर पाहतो तर मुलांची आई, धाकटी मुलगी आणि चहाच्या टपरीवर बाकड्यावर आण्णा. हिच्या हातात भाकरी-पिठल्याचा डबा आणि पाण्याची कळशी. आम्ही हात केला, "नियम हाय, घेता येत न्हाई!" असे ओरडलो आणि न थांबता पुढे गेलो. मागून फक्त एवढेच ऐकू आले, "अवो, पाणी तरी!" परतीच्या वाटेवर दुपारी तिथे कोणी नव्हते. ते बरेच झाले. त्या कळशीवरून घरात पुढे तीन दिवस अबोला होता.

शंभर किलोमीटरचा नाका बारा चाळीसला बंद होणार होता, आम्ही बारा वीसला पोहोचलो. शिक्का पडला. वीस मिनिटांत दशमी खाऊन उठलो, लिंबाच्या झाडाकडे पाहिलेसुद्धा नाही. परतताना येणेगूरच्या अलीकडे सकाळचा तो 'दूध घालणारा' तरुण कडेला बसलेला दिसला. दोन्ही जादा ट्यूब संपल्या होत्या. त्याच्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक, आमचा पंप त्याला बसेना. पण ठिगळ लावण्याची विद्या सर्व ट्यूबांना सारखीच चालते. पॉलिशपेपरने घासले, सोल्युशन लावले, ठिगळ दाबले, हवा त्याच्या पंपाने भरली. बारा मिनिटे गेली. त्याने आम्हाला खिशातले मिठाचे पाकीट दिले आणि पुढचे पाच-सहा किलोमीटर वारा अडवीत आमच्या पुढे चालला. सायकलस्वाराच्या मागे चिकटून गेले की वारा किती कमी लागतो, हे आम्हाला तोपर्यंत माहीत नव्हते.

नळदुर्ग सोडले तेव्हा साडेचार वाजत आले होते. पंचेचाळीस किलोमीटर आणि तीन तास. उतार आणि मागून येणारा मंद वारा, एवढे दोन सोबती. सहा-सव्वासहाला अंधारले. इथे एक गोष्ट ठासून सांगतो. हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागे दिवा नसताना, चकाकत्या पट्ट्या नसताना रात्री महामार्गावर उभ्या असतात. त्या दिवशी अशा दोन चुकवल्या. ट्रॉली ओढणारे आणि त्यावर झोपलेले ऊसतोड मजूर बहुतांशी आपल्यासारखेच गोरगरीब. मरायचे ते आणि मारायचेही त्यांनीच, मालक नामानिराळा. पाच-पन्नास रुपयांची लाल पट्टी लावण्याची सक्ती का होत नाही, हा प्रश्न आम्ही वेगळ्या लेखात मांडणार आहोत.

सात वाजून अकरा मिनिटांनी टेबलाशी पोहोचलो. तोच मुलगा होता. त्याने घड्याळ पाहिले, काही न बोलता शिक्का मारला, तेरा तास अकरा मिनिटे असे लिहून सही केली. मग म्हणाला, "काका, चहा?"

रात्री उशिरा सायकल टेम्पोत टाकून घरी आलो. हिने ताट वाढले, बोलली मात्र नाही. आण्णा जागेच होते. ते आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, कमी ऐकतात. कार्ड त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते दिव्याखाली धरून शिक्के मोजले आणि विचारले, "किती गावं लागली रं वाटंत?"

आम्ही बोटावर मोजून सांगितली.

"कुठं उतरावं लागलं का?"

"नळदुर्गच्या चढाला, आण्णा. दम लागला म्हणून."

"तेवढंच?"

"तेवढंच."

त्यांनी कार्ड चष्म्याच्या घरात घालून ठेवले. ते अजून त्यांच्यापाशीच आहे. क्लबला नोंदीसाठी कार्ड परत द्यायचे असते, त्याचा फोटो पाठवून आम्ही वेळ मारून नेली. हा आमच्या हातून झालेला एकमेव नियमभंग.

उणी बाजूही सांगितली पाहिजे. नियम समतेचा असला तरी दारापर्यंत पोहोचणे सगळ्यांना सारखे नाही. नाव नोंदवणे मोबाईलवर, फी आधी भरायची, बातमी क्लबच्या ओळखीच्यांतच फिरते, आणि रविवार हा मजुराचा सुट्टीचा दिवस नसतो. चाळीस जणांत आपल्या वस्तीतला दुसरा कोणी नव्हता. क्लबवाल्यांनी मुद्दाम कोणाला अडवले असे नाही, पण मुद्दाम कोणाला बोलावलेही नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल. महाराष्ट्रातली माणसे या क्षेत्रात पुढे आहेत. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या सुमारे अठ्ठेचाळीसशे किलोमीटरच्या स्पर्धेत दोघांच्या गटात उतरले आणि ती पुरी करून आले. आपल्या दीक्षाभूमीच्या नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच एकट्याने पुरी केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी तर २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, एकशे एकोणसाठ दिवसांत जगाला सायकलने वळसा घालून आली. आमची धाकटी अकरावीला आहे. शाळेत असताना तिला मानव विकासच्या योजनेतून सायकल मिळाली. वेदांगीची गोष्ट ऐकून ती एवढेच म्हणाली, "मला आधी उमरगा तरी जाऊ द्या एकटीला." तिची आई आणि आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. आता दर रविवारी ती आमच्या बरोबर उमरग्याला येते. एकटीने जाण्याचा विषय अजून घरात चालू आहे, आणि आमच्या लक्षात येत आहे की तिच्या बाजूला जास्त मुद्दे आहेत.

थेट दोनशे किलोमीटरला कोणी उतरू नये. म्हणून आम्ही काही जणांनी एक बेत केला आहे. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि प. पू. बाबासाहेब तिथे आले होते. बैलगाड्यांची मिरवणूक काढून लोकांनी त्यांना गावात नेले होते. येत्या २२ फेब्रुवारीला मुरुमहून सायकलने तडवळ्याला जायचे. नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव अशी वाट आहे, अंतर शंभराच्या वर भरते. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. फी नाही. कोणतीही सायकल चालेल, ब्रेक मात्र नीट हवेत. मिस्त्री आदल्या रविवारी विहारासमोर बसून सगळ्यांच्या सायकली फुकट तपासून देणार आहे. हेल्मेट ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी सहा हेल्मेट वर्गणीतून घेतली आहेत, आणखी चार घ्यायची आहेत. मुलींनी जरूर यावे. त्यांच्या आया बरोबर येणार असतील तर त्यांच्यासाठी मागे एक टेम्पो ठेवला आहे, कारण हा आपला दौरा आहे आणि इथे पाणी दिले-घेतलेले चालते. ती कळशी या वेळी टेम्पोत असेल. पहाटे पाचला विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन निघायचे आहे. सोल्युशनची ट्यूब ताजी आहे का, ते घरूनच पाहून यावे.

जयभीम.